कलम अकरा आणि बेलाचे पान

सोमवार, १५ जानेवारी १९७३

नगरच्या गाडीने आज आलेला माल: दिवाणी कामकाजाच्या कायद्याचे पुस्तक, नवे कोरे, चौदा रुपये. कोट रंगवायची काळी पुडी, पंच्याहत्तर पैसे. ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे, एक रुपया वीस. हमाली नाही, कारण कंडक्टर ह्यांचा विद्यार्थी निघाला. सोनईच्या शाळेत इतकी वर्षे मास्तरकी केल्याचा हा पहिला रोख फायदा.

चौदा रुपये जिवावर आले. दोन वर्षे लायब्ररीच्या पुस्तकावर भागवले होते. पण नरसूचे वकिलीचे आता दोनच पेपर राहिलेत, दिवाणी कामकाज आणि पुरावा. दोन्ही दोनदा गेले. पोरात खोट नाही. बोलायला लागला की समोरचा माणूस उठून जातो. खोट परीक्षेत आहे. तीन तास कोंडून घालायचे आणि सगळा कायदा डोक्यातून काढून लिही म्हणायचे, हा कुठला न्याय?

नगरचे आबासाहेब वकील ह्यांचे शाळूसोबती. त्यांनी हाताखालची एक खुर्ची नरसूसाठी रिकामी ठेवली आहे. जूनपर्यंत थांबतो म्हणाले, पुढे नाही. म्हणजे हीच परीक्षा.

संकल्प: नरसूच्या अभ्यासात अजिबात लक्ष घालायचे नाही. आईने पाठीशी उभे राहावे, पुढे येऊ नये. शनिवारी ह्यांच्याबरोबर शिंगणापूरला तेल पाठवायचे.

रविवार, २१ जानेवारी

नरसू काल आला. शनिवारी येतो, सोमवारी पहिल्या गाडीने नगरला खोलीवर जातो.

दुपारी मिलो निवडायला बसले. रेशनची लाल मिलो ज्वारी, निम्मे खडे. मांडीवर पुस्तक उघडून ठेवले आणि नरसूकडून म्हणवून घेतले. मजकूर इंग्रजी, पण मॅट्रिकला माझे इंग्रजी चांगले होते. अर्थ सगळा कळला नाही तरी चूक कळते. शब्द सुटला की मी सुपात टिचकी मारते. ह्याला लक्ष घालणे म्हणत नाहीत. मिलो निवडायचीच होती.

कलम अकरा पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. फार छान कलम आहे. एकदा कोर्टाने निकाल दिला की त्याच माणसांनी तेच भांडण घेऊन परत कोर्टात यायचे नाही. हे झोपाळ्यावरून म्हणाले, असा कायदा आहे हे लग्नाआधी माहीत असायला हवे होते. संध्याकाळी मी वन्संनी नेलेल्या पितळी पातेल्याचा विषय काढला, सहज, तर म्हणाले, "कलम अकरा." आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

सोमवार, २९ जानेवारी

काल गोजरबाईकडे सत्यनारायण. गोजरबाई आपल्याकडे दूध घालते. तिचा चुलत दिराशी बांधावरून वाद आहे, आणि नरसू वकील झाला की दावा त्याच्याचकडे द्यायचा, असा शब्द मी तिच्याकडून घेऊन ठेवला आहे.

गुरुजींनी कथा पोथी बघून सांगितली. एके ठिकाणी दोन पाने एकदम मागे उलटली गेली आणि झालेला अध्याय पुन्हा सुरू झाला. लोकांनी पुन्हा हात जोडले. म्हणून प्रसादाच्या चवीत फरक पडला का? नाही. तिथेच माझ्या डोक्यात लख्ख झाले. भटजीला पोथी चालते. कोर्टात वकिलाला पुस्तक चालते, जज्जापुढेही पुस्तक असते. मग परीक्षेतच पुस्तकाचा विटाळ का?

गोजरबाईला विचारले. ती म्हणाली, "काकू, वकील बघून बोलला काय अन् पाठ बोलला काय, तारीख पडायची ती पडतीच." हिचा कायद्यावर विश्वास कमी.

ह्यांना विचारले. म्हणाले, ज्याच्याकडे पुस्तकच नाही त्याने काय करायचे? पाठांतराला मागून आणलेले पुस्तक चालते, परीक्षेला न्यायला स्वतःचे लागते. मुद्दा वाईट नव्हता. पण आपल्याकडे पुस्तक आहे.

परीक्षा मंडळाला अर्ज लिहिला, एक प्रत कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना. मुद्देसूद, खोडाखोड नाही, सत्यनारायणाचा दाखला पहिल्याच परिच्छेदात. खाली नुसते 'एक पालक' लिही असे हे म्हणाले. मी पूर्ण नाव लिहिले आणि पुढे मॅट्रिक.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मंडळाचे उत्तर नाही. बहुधा बैठक भरवायची असेल.

आज कोट रंगवला. ह्यांचा लग्नातला तपकिरी कोट, कापड अजून भक्कम. नव्या काळ्या कोटाला शिंपी जे मागतो त्यात महिन्याचा किराणा येतो. घंगाळात रंग कालवला, कोट बुडवला, वर मीठ टाकले म्हणजे रंग बसतो. टँकरचे दोन हंडे त्यात गेले. हे आंघोळीला गेले, घंगाळ पाहिले, कोट पाहिला आणि कोरडेच बाहेर आले. स्वभाव समजूतदार आहे.

वाळल्यावर रंग थोडा जांभळट दिसतो. कोर्टात उजेड कमीच असतो.

महाशिवरात्र, दुपारी

जिंकले. नरसू उपासाला घरी आला तो बातमी घेऊनच. यंदापासून दिवाणी कामकाज आणि पुरावा या दोन पेपरांना कायद्याचे पुस्तक जवळ ठेवायला परवानगी. नेमके आपले दोन.

नरसू म्हणतो, प्राध्यापक लोकांचे हे दोन वर्षांपासून चालले होते, नोटीस डिसेंबरातच ठरली होती. ठरली असेल. पण लागली कधी? माझा अर्ज गेल्यावर. मी ह्यापेक्षा जास्त बोलले नाही. मोठेपणा घेणे मला जमत नाही. फक्त गोजरबाईला, गुरुजींना आणि पोस्टमास्तरांना सांगितले. पोस्टमास्तरांना एवढ्यासाठी, की अर्ज त्यांच्याच हातून गेला होता.

अटी आहेत. पुस्तक कोरे हवे. पेनाची, पेन्सिलीची खूण नको, आत चिठ्ठी नको, कोपरा दुमडलेला नको. रास्त आहे. नरसूला म्हटले, आता पाठांतर बंद. पुस्तक हाताशी असताना डोक्याला शीण कशाला? तोही लगेच कबूल झाला. पोर आज्ञाधारक.

हे म्हणाले, पोथी हातात असली तरी कुठला अध्याय लावायचा हे भटजीला माहीत असावे लागते. मी म्हटले, अनुक्रमणिका असते.

पूजेतली बेलाची पाने सुकायला देव्हाऱ्यामागे ठेवली.

रविवार, २५ मार्च

नरसूची विश्रांती उत्तम चालू आहे. दुपारी झोपतो, उठतो, चहा घेतो, पुस्तक उशाशी असते. चेहऱ्यावर तेज आले आहे.

ह्या वेळी बरोबर त्याचा खोलीतला जोडीदार आला होता, गोरक्ष. पाथर्डीकडचा, आईबाप ऊसतोडीला गेलेले, सुट्टीला घरी जाऊन तरी काय करणार. त्याच्याकडे पुस्तक नाही. नरसू झोपला की नरसूचे घेतो, तो उठला की ठेवतो. आणि मधल्या वेळात पाठ करतो. आज मी निवडायला बसले तर म्हणाला, काकू, माझं ऐकता का. ऐकले. भराभर म्हणतो, टिचकी मारायला जागा देत नाही. पुरावा तर सगळा पाठ. मला त्याची फार दया आली. नोटीस लागली तरी बिचाऱ्याला जुन्या काळातच परीक्षा द्यायची आहे.

उद्या निघताना न्यायला त्याला शेंगदाण्याचे लाडू आजच बांधून दिले आणि सांगितले, काळजी करू नकोस, ज्याला पुस्तक नाही त्याला देव आहे. हे म्हणाले, मग आपण चौदा रुपये कशाला घातले?

गुढीपाडवा

नरसू नगरलाच आहे, परवा येऊन दिवाणीचे पुस्तक घेऊन जाईल. पुराव्याचे त्याने तिकडेच नवे घेतले, इकडे आणलेच नाही. आज पुस्तक घरात आहे, मुहूर्त साडेतीनांतला आहे, आणि हे ठरल्याप्रमाणे, शाळेच्या झेंडावंदनासारखी, गुढी उभारून पाराकडे गेलेले. असा योग पुन्हा कशाला येतो?

पाट मांडला, खाली तांदूळ, वर पुस्तक. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, बारीक. हळदीचे एक बोट. मग डोळे मिटून पुस्तक उघडले आणि जिथे उघडेल तिथे बेलाचे पान ठेवले. महादेवाला म्हटले, जागा तूच दाखव. तीन पाने ठेवली. अटी पुन्हा वाचल्या. पेन नाही, पेन्सिल नाही, चिठ्ठी नाही. सगळे नियमात आहे.

कोणाला सांगितले नाही. गुप्त पूजेचे फळ दुप्पट. पुस्तक कव्हर घालून, दोरीने बांधून ठेवले.

सोमवार, १६ एप्रिल, सकाळी

आज दिवाणीचा पेपर. उपास आणि मौन धरले आहे, पेपर सुटेपर्यंत.

दूध घालायला गोजरबाई आली. तिने मापात कमी घातले. ते तेवढे सांगणे भाग होते. नंतर ह्यांना टोपी सापडेना. नंतर वन्संचे पत्र आले, पातेल्याबद्दल अवाक्षर नाही. बाकी मौन नीट पाळले.

शुक्रवार, २० एप्रिल

काल पुराव्याचाही पेपर झाला. आज नरसू आला. पिशवी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "आई, पुस्तकात काय घातलं होतंस?"

झाले ते असे. हॉलमध्ये सुपरवायझर प्रत्येकाचे पुस्तक चाळून बघत होते. नरसूच्या बाकाशी आले, दोरी सोडली, पहिल्या पानावर स्वस्तिक. थांबले. पुस्तक उलटे धरून झटकले तर बेलाचे एक पान पडले, मग दुसरे. तिसरे पडेना, पानात चिकटून बसले होते.

"हे काय?"

"प्रसाद, सर."

"कुठल्या प्रश्नाचा?"

सगळा हॉल हसला. सुपरवायझरांनी ते चिकटलेले पान उघडून पाहिले. कलम अकरा. पेपर हातात घेऊन पाहिला. पहिला प्रश्न, कलम अकरा. पुस्तक काढून घेतले आणि म्हणाले, कुंकू आहे म्हणून पेपर लिहू देतो.

तर नरसूने अख्खा पेपर पुस्तकाशिवाय लिहिला. म्हणजे पेपर गेला.

मला आधी वाईट वाटले, मग लक्षात आले. तीन पानांतले एक नेमके पहिल्या प्रश्नावर. म्हणजे महादेवाने आपले काम चोख केले होते. मध्ये सुपरवायझर आला. हे म्हणाले, पुस्तक रोज जिथे उघडायचे तिथेच आपोआप उघडणार, त्यात महादेवाचा काय संबंध. मी म्हटले, एका मुलाच्या श्रद्धेचा असा अपमान तुमच्या शाळेत झाला असता तर? म्हणाले, "मीही काढून घेतलं असतं."

आता ह्यांच्याशी खरे मौन.

सुपरवायझरविरुद्ध मंडळाला अर्ज लिहायला घेतला. दोन पाने झाली. नरसूने ती हातातून घेतली, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. एवढा मोठा झाला पण आईचे अक्षर अजून जपून ठेवतो.

रविवार, १३ मे

शांतपणे हिशेब मांडला. दिवाणी गेले असे धरू. पुरावा नक्की निघाला, कारण तिथे शेवटच्या घंटेपर्यंत पुस्तक हातात होते, कोणी झटकले नाही. म्हणजे ऑक्टोबरला एकच पेपर. अर्धा वकील आत्ताच झाला.

आबासाहेबांना ह्यांच्या नावाने पत्र टाकले, की अर्धी खुर्ची तरी ऑक्टोबरपर्यंत धरावी. हे विचारत होते, अर्धी खुर्ची म्हणजे कुठली बाजू.

गोजरबाईला म्हटले, बांधाचा दावा दिवाळीपर्यंत थांबव. ती म्हणाली, "बांध थांबंल काकू, चुलत दीर थांबायचा न्हाई. रोज वीतभर म्होरं येतोय." तरी शब्द पाळणारी आहे. नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

कोट उन्हात घातला होता. उन्हाच्या बाजूने पुन्हा तपकिरी व्हायला लागला आहे. आत घेतला.

गुरुवार, २१ जून

सकाळी गोजरबाई सांगत आली की एस.टी. स्टँडवर बातमी आहे, मास्तरांच्या पोराचा एक पेपर निघाला, एक राहिला. मी तिला सांगितले, ऐकीव गोष्टीला कायद्यात पुरावा धरत नाहीत. ती म्हणाली, "बरं बाई. माजं आयकू नका, पोस्टमन येतोच हाय मागनं."

आला. नरसूचे कार्ड. एक निघाला, एक राहिला. इथवर माझा अंदाज अचूक. फक्त निघाला तो दिवाणी. राहिला तो पुरावा.

हे कार्ड मी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

पुस्तक काढून घेतलेला पेपर पास, आणि चांगल्या मार्कांनी. पुस्तक हातात असलेला नापास. नरसूने लिहिले आहे की पुराव्याला तो दोन तास पाने उलटत बसला, कलम सापडले की वाटायचे पुढे याहून बरे असेल, आणि उत्तरे लिहायला वेळच उरला नाही. हॉलमध्ये सगळ्यांचे तेच झाले, पानांचा नुसता सळसळाट. दिवाणीला मात्र पुस्तकच नाही म्हटल्यावर इलाज नव्हता, लिहीत सुटला.

ह्यांनी कार्ड वाचून चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिले. मी लगेच सांगितले की कारण उघड आहे. दिवाणीच्या पुस्तकाची पूजा झाली होती. पुराव्याचे नगरला राहिले, त्याला कुंकवाचे बोट लागले नाही. ह्यांनी चष्मा पुन्हा घातला.

दुसरी बातमी कार्डाच्या कडेला आडवी लिहिली आहे. गोरक्ष दोन्ही पेपरांत पास. आबासाहेबांनी खुर्ची त्याला दिली. नरसूला म्हणाले, खुर्ची एकच होती, पण बाकडे आहे, ऑक्टोबरपर्यंत येऊन बसत जा, ऐकून शीक.

गोरक्ष गुणी मुलगा आहे. लाडू आपल्याच घरचे होते. मी गोरक्षबद्दल काहीच वाईट म्हणत नाही.

जेवण गेले नाही. उष्णता असेल.

रविवार, १ जुलै

काल नरसूचे पाकीट आले. कार्डात मावले नसते म्हणून पाकीट. लिहितो की मुलांनी मिळून मंडळाला अर्ज केला आहे: पुस्तके बंद करा, पूर्वीसारखी परीक्षा घ्या, ज्यांच्याकडे पुस्तक नव्हते त्यांच्यावर अन्याय आणि ज्यांच्याकडे होते त्यांच्यावर जास्त. मुद्देसूद आहे, खोडाखोड नाही. पहिली सही नरसूची. अर्ज मंजूर होईल असे प्राध्यापक म्हणतात.

पुढे ऑक्टोबरची एक अट घातली आहे. मी मंडळाला काही लिहायचे नाही आणि पुस्तकाची पूजा करायची नाही. मान्य केले तर दर शनिवारी येईन म्हणतो. अटीत पुस्तकाच्या कव्हराचा उल्लेख नाही. शेवटी लिहिले आहे, "दिवाणीला पुस्तक गेल्यावर मी डोळे मिटले तर सुपावरची टिचकीच ऐकू आली. तू म्हणवून घेतलं होतंस तेवढं सगळं आलं. पुरावा तुझ्याकडून म्हणवून घेतलाच नव्हता."

हे वाक्य ह्यांनी मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. मी म्हटले, ऐकू आले मला. माझ्या डोळ्यांत चुलीचा धूर गेला होता.

पाठांतराला पर्याय नाही हे मी पहिल्यापासून म्हणत आले. हे म्हणाले, जानेवारीचा अर्ज कोणाचा होता? मी म्हटले, कलम अकरा. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

गोजरबाईने बांधाचा दावा गोरक्षला दिला. तिला बोलले नाही. दुधाचे माप मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले. बरोबर भरले.

कोट डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. ट्रंकेतला पांढरा टॉवेल जांभळा निघाला.

नरसूला कार्ड, कच्चा खर्डा:

चि. नृसिंह यास अनेक आशीर्वाद. अट मान्य. मंडळाला एक ओळ लिहिणार नाही. पुस्तकाला कुंकू, हळद, बेल काही लागणार नाही, तुझ्या वडिलांसमोर कबूल केले आहे. बाकड्यावर पाठ ताठ ठेवून बसत जावे. गोरक्षला आशीर्वाद सांग, लाडू पाठवते, दोघांनी वाटून खा. रेशनला पुन्हा मिलोच आली आहे, खडे आहेत, निवडायला पुष्कळ वेळ लागेल. तरी शनिवारी कोणत्या गाडीने येतोस ते, आणि पुराव्याचे पुस्तक लांबी-रुंदीला किती व कितपत जाड आहे तेही उलट टपाली कळवणे. पूजेसाठी नव्हे, सहज विचारते.